मोजमाप पुस्तक आणि हजेरीपट

(परभणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या गुरुजींना सगळा जिल्हा शिक्षक म्हणून ओळखतो. पण शिक्षक होण्याआधी, १९७२च्या दुष्काळात, त्यांनी काही महिने पाझर तलावाच्या कामावर हजेरी लिहिली होती. मी त्यांचा विद्यार्थी. पुढं स्थापत्य अभियंता झालो आणि पस्तीस वर्षं बांधकामांची अंदाजपत्रकं आणि बिलं लिहिण्यात गेली. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गुरुजींकडं गेलो होतो. त्यांनी विचारलं, "तुझ्या कामावर हजेरीपट कोण लिहितो?" मी म्हणालो, "गुरुजी, आमच्याकडं मोजमाप पुस्तक असतं. मजूर ठेकेदाराचे, त्यांची हजेरी आम्ही ठेवत नाही." ते म्हणाले, "मग काम कुणी केलं, हे तुमच्या कागदावर कुठं येतं?"

त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

मोजमाप पुस्तकाला आम्ही एम.बी. म्हणतो. पायाची खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, सळई किती टन, गिलावा किती चौरस मीटर, हे सगळं त्यात लांबी-रुंदी-उंचीनिशी लिहिलेलं असतं. पान फाडायचं नाही, खाडाखोड झाली तर तिथं सही करायची, आणि बिल निघतं ते याच वहीवरून. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुलाची एम.बी. जपून ठेवलेली असेल तर त्या पुलाच्या पोटात किती लोखंड आहे, हे आजही सांगता येईल. हजेरीपट ही दुसरी वही. तिच्यात माणसाचं नाव, गाव, तो कोणत्या तारखांना आला, मजुरी किती झाली, आणि शेवटी अंगठा. पहिल्या वहीत खर्च दिसतो, दुसरीत रोजगार. महानगरांतल्या बांधकामाबद्दल आपण जे बोलतो-वाचतो, ते सगळं पहिल्या वहीतून येतं. दुसरी वही बहुतेक ठिकाणी उघडलेलीच नसते. त्याचं मोल परभणीसारख्या जिल्ह्याला द्यावं लागतं, म्हणून हा विषय मी पुण्या-मुंबईच्या सभागृहाऐवजी इथं मांडतो आहे.

गाडीत बसणारी माणसं

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सरत आली की परभणी आणि गंगाखेडच्या स्टेशनांवर संध्याकाळी जाऊन उभे राहा. नांदेडहून पनवेलला जाणारी गाडी येते. परळी, लातूर, कुर्डुवाडी करत ती पुण्याला पोचते. पोत्यात बांधलेली भांडी, पाण्याचा ड्रम, गोधड्यांचं गाठोडं, कडेवर लेकरू. पालम, सोनपेठ, गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातली पुष्कळ कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, तेही आपण जाणतो. पण ज्यांना कोयता नको झाला, किंवा ज्यांच्या पोरांनी थापी हातात घेतली, ते शहराकडं जातात. गावात विचारलं तर उत्तर एकच मिळतं: "पुण्याला कामाला गेलेत." कोणत्या साईटवर, कुणाच्या हाताखाली, किती दिवसांसाठी, ते घरातल्या म्हाताऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्याकडून फक्त माणसंच जातात असंही नाही. ज्या गोदावरीला आपण गंगा म्हणतो, तिची वाळू जाते. शेजारच्या जालन्यात सळई तयार होते, ती राज्यभरच्या इमारतींच्या खांबांत जाते. वाळूचं ब्रासमध्ये मोजमाप होतं, तिची रॉयल्टी भरली जाते, सळईचा वजनकाटा होतो. माणूस मात्र मोजल्याशिवाय जातो आणि मोजल्याशिवाय परत येतो.

देश बांधकाम कसं मोजतो

आता जरा मोठ्या आकड्यांकडं वळू. दर तीन महिन्यांनी देशाच्या उत्पन्नाचे अंदाज प्रसिद्ध होतात आणि त्यात बांधकाम क्षेत्र इतके टक्के वाढलं असं आपण वाचतो. ही वाढ कशावरून काढतात? मुख्यतः सिमेंटचं उत्पादन आणि तयार पोलादाचा खप यांवरून. म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचं राष्ट्रीय उत्तरही माझ्यासारखंच आहे. आपण पोती मोजतो, टन मोजतो, आणि त्यावरून काम किती झालं ते ठरवतो.

रोजगाराचं मोजमाप वेगळ्या पाहणीतून होतं. १९९३-९४मध्ये देशातल्या शंभर कामकऱ्यांपैकी तीनच्या आसपास माणसं बांधकामावर होती. २०११-१२मध्ये हा आकडा साडेदहाच्या पुढं गेला आणि २०२३-२४च्या श्रमशक्ती पाहणीत तो बाराच्या घरात आहे. तीस वर्षांत तिनाचे बारा. एवढ्या वेगानं इतकी माणसं शोषून घेणारं दुसरं मोठं क्षेत्र या काळात आपल्याकडं झालं नाही. शेतीतून बाहेर पडलेला माणूस कारखान्यात जाईल, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात शिकवतात. आपल्याकडं तो फार करून परातीवर गेला, सेंट्रिंगच्या फळ्यांवर गेला.

अमेरिकेत जनगणना खातं बांधकामावरचा खर्च दर महिन्याला जाहीर करतं, आणि तिथलं श्रम खातं महानगरनिहाय बांधकामावर किती माणसं आहेत ते सांगतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खर्च वाढूनही माणसं का वाढली नाहीत, असा प्रश्न तिथला नागरिक विचारू शकतो. पुण्यात या महिन्यात बांधकामावर किती पैसा ओतला गेला आणि त्यातून किती दिवसांचं काम निघालं, हे सांगणारा तसा मासिक तक्ता आपल्या हातात नाही. तक्ता नाही म्हणून प्रश्न विचारला जात नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून तक्ता होत नाही.

दुष्काळानं शिकवलेला हिशेब

हा हिशेब महाराष्ट्राला जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. तो आपण पूर्वीच केलेला आहे.

१९७२चा दुष्काळ या सभागृहातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. सुकडी, मिलो, खडी फोडणाऱ्या बायका, नालाबंडिंगवर उभी राहिलेली गावंच्या गावं. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. ती एका यंत्रणेनं रोज मोजली, रोज लिहिली. गुरुजी त्या लिहिणाऱ्यांपैकी एक. ते सांगत, की नाव लिहून घेताना माणूस जरा ताठ उभा राहतो.

त्याआधी १९६५मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळाच्या अनुभवातून तो रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर पोचला, १९७७मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. त्यातली दोन सूत्रं आजच्या विषयासाठी फार मोलाची आहेत.

पहिलं सूत्र ६०:४०चं. कामावरच्या खर्चापैकी किमान साठ टक्के मजुरीवर गेले पाहिजेत आणि सामान-यंत्रांवर चाळीसपेक्षा जास्त जाता कामा नयेत. म्हणजे अंदाजपत्रक लिहितानाच अभियंत्याला विचारावं लागतं, की या रुपयातून माणसाच्या हातात किती जाणार. दुसरं सूत्र पैशाच्या वाटेचं. या योजनेसाठी १९७५च्या कायद्यानं व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये कापले जातात, तो हा कर. शहराच्या कमाईतला एक वाटा खेड्यातल्या कामाला जावा, असं त्या पिढीनं ठरवलं आणि शहरानं ते मान्य केलं. शहर आणि खेडं यांच्यातला इतका सरळ करार मी दुसरीकडं फारसा पाहिलेला नाही.

१९३०च्या मंदीत अमेरिकेत, खर्चातलं मजुराच्या हातात किती जाणार, हाच प्रश्न दोन खात्यांत वाटला गेला होता. १९३३च्या सार्वजनिक बांधकाम प्रशासनानं खासगी ठेकेदारांमार्फत धरणं, पूल अशी प्रचंड कामं काढली. १९३५मध्ये हॅरी हॉपकिन्स यांच्या हाताखाली दुसरी यंत्रणा उभी राहिली, तिचा बहुतेक पैसा थेट मजुरीवर गेला आणि आठ वर्षांत तिनं सुमारे ८५ लाख माणसांना काम दिलं. दोन्हींची गरज होती. पण बांधकामावर खर्च केला म्हणजे रोजगार आपोआप तेवढाच निघतो, हा समज तिथं तेव्हाच मोडला. रुपयात माणूस किती आहे, हे कामाच्या पद्धतीवर ठरतं.

गिरणीच्या जागेवर

कामाची पद्धत बदलली की माणसाचा कागद कसा जातो, याचं महानगरातलं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईच्या गिरणगावात दिसतं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. १९९१च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली आणि चिमण्यांच्या जागी मनोरे आले. गिरणी कामगाराचं तिकीट होतं, त्यावर त्याचा नंबर होता. भविष्यनिर्वाह निधी होता, युनियन होती, निवृत्तीनंतर हक्काच्या घरासाठी भांडायला हातात कागद होता. त्याच जमिनीवर मनोरा बांधणाऱ्याकडं यातलं काही नव्हतं. गिरणीत माणूस तीस वर्षं राहायचा, मनोऱ्यावर तो तीन महिने राहतो. त्या जमिनीची किंमत कित्येक पट झाली, आणि तिच्यावर राबणाऱ्याचा कागद नाहीसा झाला.

पुण्याकडं पाहा. २०१७मध्ये ११ गावं आणि २०२१मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, आणि क्षेत्रफळानं ते राज्यातलं सगळ्यात मोठं महापालिका शहर झालं. २४ डिसेंबर २०१६ला मेट्रोची पायाभरणी झाली, ६ मार्च २०२२ला पहिला टप्पा धावला. तिकडं मुंबईत जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याला सुमारे ५५ हजार कोटी लागले, हे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्या रस्त्यासाठी किती मनुष्यदिवस लागले, असं विचारलं तर या सभागृहात कुणाचा हात वर होईल का? हा आकडा काढणं अवघड नाही. तो काढावा असं आपल्याला वाटलेलं नाही, एवढंच.

स्लॅबचा दिवस

मी नोकरीला लागलो तेव्हा स्लॅबचा दिवस म्हणजे सणासारखा असायचा. पहाटे मिक्सर सुरू व्हायचा. पन्नास-साठ माणसांची साखळी जिन्यावरून वरपर्यंत उभी राहायची, घमेली हातोहात चढायची, रिकामी खाली यायची. त्या साखळीत निम्म्या बायका असत. संध्याकाळी मालक गूळ-खोबरं नाहीतर जेवण द्यायचा. आज तयार काँक्रीटची गाडी येते, पंपाचा पाइप वर जातो आणि दहा-पंधरा माणसांत स्लॅब होतो. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंतीला गिलावा लागत नाही. विटांच्या जागी हलके ठोकळे आले.

यंत्रांना माझा विरोध नाही. डोक्यावर घमेलं घेऊन पाचव्या मजल्यावर चढणं हे काम कोणत्याही बाईच्या वाट्याला येऊ नये. पण त्या पंपानं जे दिवस वाचवले ते कुणाचे होते, हे लिहून ठेवायला हवं. ते बहुतेक बायकांचे होते. पुरुष बिगारीचा मिस्तरी होतो, सेंट्रिंगवाला होतो, लोखंड बांधायला शिकतो. बाई वीस वर्षांनंतरही बिगारीच राहते. थापी, ओळंबा, गुण्या ही हत्यारं तिच्या हातात येतच नाहीत. घमेलं गेलं की तिचं कामच जातं.

एका साईटवर जिंतूर तालुक्यातली एक बाई भेटली. तिला म्हटलं, "मावशी, हजेरीच्या वहीत तुमचं नाव कुठं आहे?" ती म्हणाली, "आमच्या दोघांची हजेरी मालकाच्या नावावर लागती साहेब. जोडीचा हिशोब असतोय. माझं नाव कशाला पायजे तिथं?" मालक म्हणजे तिचा नवरा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तीच रीत शहरात आली. तिचे दिवस खरे, तिचे कष्ट खरे, पण कागदावर ती कामालाच नाही. ज्या पाहणीत स्त्रियांचा कामातला वाटा कमी दिसतो, तिच्याकडं पाहताना मला ही मावशी आठवते.

एक टक्का

कायदा नाही असं नाही. १९९६मध्ये संसदेनं बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे केले. एक कामाच्या अटींचा, दुसरा उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणावर खर्च करायचा. १८ ते ६० वयाच्या, आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या माणसाची नोंदणी करायची. महाराष्ट्रात त्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. त्याच्याकडून मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, कामावर मृत्यू आला तर वारसांना पाच लाख रुपये मिळतात, सुरक्षा साधनांचे आणि भांड्यांचे संच वाटले जातात.

कल्पना सुंदर आहे. इमारत जिथं उभी राहते तिथल्या पैशातून, ती उभी करणाऱ्याचं घर उभं राहावं. पण १९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याबद्दल निकाल दिला तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमला होता आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. चार रुपयांतला एक रुपया. बाकीचे तीन मजुराची वाट पाहत पडून होते, आणि मजूर कागदाची वाट पाहत होता.

कागद का मिळत नाही? कारण नोंदणीसाठी ९० दिवसांचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला कचरतो, कारण दाखला दिला म्हणजे आपण त्याचे मालक, हे लेखी कबूल केल्यासारखं होतं. मुकादमाकडं तर वहीच छोटी, खिशातली, हिशोब मिटला की फाडून टाकायची. मग मजूर गावी येऊन दाखला मागतो. इथल्या माणसानं त्याला पुण्याच्या साईटवर काम करताना पाहिलेलं नसतं. दाखला देणारा कामापासून इतका लांब असला, की खऱ्याला तो मिळत नाही आणि ज्यानं कधी वीटही उचलली नाही अशालाही तो मिळू शकतो.

पाळणाघराचं तसंच. १९९६चा कायदा म्हणायचा, पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथं पाळणाघर पाहिजे. पण एका साईटवर दहा उपठेकेदार, प्रत्येकाकडं 'जोडी'तल्या चार-पाच बायका आणि त्यांची नावं नवऱ्याच्या हजेरीत. पन्नास भरायच्या कशा? दिल्लीत राजघाटावर गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मातीत खेळणारी मुलं पाहून मीरा महादेवन यांनी १९६९मध्ये तंबूत पाळणाघर सुरू केलं. एका बाईला जे दिसलं, ते कायद्याच्या मोजणीत आजही पुरतं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९चा कायदा झाला, तो फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. २०२०च्या नव्या संहितेतही व्याख्या दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरतीच राहिली. आपला माणूस हैदराबादला गेला तर कायद्याच्या भाषेत स्थलांतरित ठरू शकतो. तोच पुण्याला गेला तर नाही. जाताना तो तेवढंच घर सोडतो, पोराची शाळा तेवढीच तुटते, आणि राहायला तशीच पत्र्याची खोली मिळते. पण महाराष्ट्राच्या नकाशात तो हललेलाच नाही.

परभणीवर पडणारा भार

न लिहिलेला माणूस संकटात कसा दिसतो, ते आपण दोनदा पाहिलं. २९ जून २०१९च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण गेले. बहुतेक बिहारचे. दुसऱ्या वर्षी ८ मे २०२०ला, टाळेबंदीत, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. तीच लोहमार्गाची वाट पुढं जालन्यावरून आपल्या परभणीला येते. ही माणसं मेल्यावर त्यांची नावं, गावं, वयं छापून आली. जिवंतपणी ती कोणत्या हजेरीपटावर होती?

त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून आपलीही माणसं आली. ट्रकच्या ताडपत्रीखाली बसून आली, चालत आली. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ त्या उन्हाळ्यात मला नव्यानं कळला. शहरात जमलं तर जमलं, नाहीतर परभणी. कंबर मोडली की परभणी, साईट बंद पडली की परभणी, साठी आली की परभणी. महानगराच्या बांधकामाचा खर्च जेव्हा अंदाजपत्रकात लिहितात, तेव्हा त्यात हा आजारपणाचा, बेकारीचा, म्हातारपणाचा खर्च धरलेला नसतो. तो खर्च आपल्या जिल्ह्यातली घरं सोसतात, दोन-तीन एकर कोरडवाहू सोयाबीनवर. व्यवसाय कराच्या रूपानं शहरानं एकदा खेड्याचं देणं मान्य केलं होतं. या खर्चाच्या बाबतीत ते अजून मान्य व्हायचं आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट. ज्या कामाला सरकारी किंवा महापालिकेचा पैसा लागतो, त्याच्या अंदाजपत्रकात रकमेशेजारी मनुष्यदिवसांचा रकाना असावा आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष किती झाले ते जाहीर व्हावं. हे नवं नाही. घरकुल योजनेत समतल भागातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये धरले, तेव्हा त्यासोबत रोजगार हमीतले ९० दिवसही लिहिले. एका छोट्या घराच्या कागदावर जे लिहिता येतं, ते मेट्रोच्या कागदावर लिहिता येईल. जालना–नांदेड द्रुतगती महामार्गाची आखणी आपल्या जिल्ह्यातून झाली आहे. त्या कामापासून ही सुरुवात व्हावी, अशी मागणी परभणीनं करावी.

दुसरी गोष्ट. खासगी इमारतीला परवानगी देताना महापालिका एक टक्का उपकर भरून घेते. पूर्णत्वाचा दाखला देताना त्याच खिडकीवर त्या इमारतीचा हजेरीपट मागावा. नावं, दिवस, मूळ गाव, आणि बाईचं नाव वेगळ्या ओळीत. मग ९० दिवसांच्या दाखल्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राच्याच अनुभवातली आहे. १९६९चा माथाडी कायदा. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याला मंडळाशी जोडलं. मजुरी मंडळातून, तिच्यावर लेव्ही, आणि त्यातून निधी, रजा, औषधपाणी. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्या पिढीनं हमालाला जे मिळवून दिलं, ते नाक्यावर आणि मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्याला का मिळू नये? त्याचाही मालक रोज बदलतो. बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ हे भांड्यांचे संच वाटणारं कार्यालय न राहता, त्याची हजेरी सांभाळणारं घर व्हायला हवं.

चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकाम, सळईकाम, फरशीकाम यांची वर्गांइतकीच साईटवर शिकवणी व्हावी आणि तिथं मुलींना मुद्दाम बोलवावं. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर गावं पुन्हा उभी करताना स्त्रिया संवाद सहायक म्हणून गावोगाव पुढं आल्या होत्या, घर कसं बांधायचं हे त्यांनी शिकून इतरांना सांगितलं. मराठवाड्याच्या बाईला ओळंबा धरता येतो, तो तिच्या हातात द्यायचा उशीर आहे.

एक वही

सरकारनं काय करावं हे सांगून मी थांबलो, तर गुरुजींचा विद्यार्थी म्हणवून घ्यायचा हक्क मला राहणार नाही. त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. बोरू घेतला आणि नावं लिहिली.

म्हणून या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना, इथल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना माझं सांगणं असं आहे. एक साधी वही छापा. खिशात मावेल एवढी. प्रत्येक पानावर तारीख, शहर, साईटचा पत्ता, मुकादमाचं नाव आणि फोन, काम कोणतं, मजुरी किती ठरली, किती मिळाली. शेवटच्या पानांवर नोंदणीला काय कागद लागतात ते सोप्या मराठीत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या पोराला शिकवा, पोर नसेल तर बायकोला शिकवा. नवरा-बायको दोघं जात असतील तर वह्या दोन द्या. आणि जाणाऱ्यांची एक यादी ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे गावातून किती माणसं, कुठं, किती दिवस जातात हे गावाला तरी कळेल. असा आकडा शंभर गावांनी गोळा केला तर तो मुंबईत मांडता येईल, आणि मग तो कुणाला नाकारता येणार नाही.

गुरुजींनी मला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर एम.बी.मध्ये कधीच सापडणार नाही. ते त्या वहीत सापडेल. येत्या दिवाळीनंतर परभणी आणि गंगाखेडच्या स्टेशनावर गाडीत चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या आणि प्रत्येक पुरुषाच्या हातात ती असावी, एवढी माझी आपल्याला विनंती आहे.